हेडरचा रंग पुन्हा पुन्हा सुटतो आहे? आधी पोपडा उलटा करून पाहा

एक्झॉस्ट हेडरवर, म्हणजे इंजिनातले जळके वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीवर, ‘६०० अंशांपर्यंत टिकेल’ असे लिहिलेला रंग मारावा, पहिले आठ-दहा दिवस तो झकास दिसावा आणि महिना उलटायच्या आत त्याचे पोपडे निघून खालचा तांबूस गंज वर यावा, ही तक्रार जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना नवी नाही. माझ्याकडे २००४ सालची मारुती जिप्सी आहे. इंजिन पेट्रोलचे, १२९८ सीसीचे. तिचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड (हेच काम करणारा ओतीव भाग) तडकल्यावर मी साध्या लोखंडी नळीचा, चार नळ्या पुढे एकत्र येणारा हेडर बनवून घेतला आणि चिपळूणच्या हवेत त्याला दोन वर्षांत तीन वेळा रंग दिला. तिन्ही वेळा रंग सुटला आणि तिन्ही वेळा कारण वेगळे निघाले. चौथ्यांदा दिलेला रंग सध्या दुसरा पावसाळा काढत आहे. या चार प्रयत्नांत जे समजले, ते येथे मांडत आहे.

रंग सुटला की आपण पहिला दोष डब्याला देतो, आणि दुकानदारही लगेच अधिक महाग डबा पुढे करतो. माझ्या अनुभवात डब्यावरचा आकडा क्वचितच अपुरा पडतो. रंगाखाली काय राहून गेले आणि रंग पहिल्यांदा कसा तापला, यांवर त्याचे आयुष्य ठरते, आणि या दोन्हींचा पुरावा सुटलेल्या पोपड्यावरच असतो. म्हणून वायर ब्रश हातात घेण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, तीन-चार ठिकाणचे पोपडे नखाने अलगद सोडवून पांढऱ्या कागदावर उलटे ठेवावेत आणि प्रत्येक पोपडा हेडरच्या कोणत्या भागातून निघाला ते शेजारी लिहावे. एकदा ब्रश फिरला की हा पुरावा परत मिळत नाही. मी पहिल्या खेपेला हीच चूक केली आणि त्यामुळे दुसऱ्या खेपेला चाचपडत राहिलो.

पोपड्याची पाठ आणि सुटण्याची जागा

पोपड्याच्या पाठीवर तपकिरी, ठिपकेदार भुकटी चिकटलेली असेल, तर रंग गंजावर बसला होता. धातूला तो कधी चिकटलाच नव्हता. पाठीवर निळसर काळी, काचेसारखी टणक खपली असेल, तर आधी नळी नवी की वापरातली हे विचारावे. नळी नवी असेल, तर ती कारखान्यात तापवून लाटताना पृष्ठभागावर धरलेली खपली आहे आणि रंगण्याआधी ती कोणी काढलेली नाही. नळी वापरातली असेल आणि पूर्वी स्वच्छ केलेली असेल, तर मात्र लोखंडच अति तापले आहे, कारण साध्या लोखंडावर सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या वर खपली धरण्याचा वेग झपाट्याने वाढतो. अशी खपली आपल्या आपण सुटते आणि तिच्यावरचा रंग, कितीही उत्तम असला तरी, तिच्यासोबत जातो.

पाठही स्वच्छ आणि खालचा धातूही चकचकीत असेल, तर तेलकट हात लागला होता किंवा धातू इतका गुळगुळीत झाला होता की रंगाला धरायला जागाच उरली नव्हती. पोपडा मधूनच सोलला गेला असेल, म्हणजे थोडा रंग नळीवर आणि थोडा हातात आला असेल, तर रंगाचा हात जाड झाला होता, किंवा पहिला हात पुरेसा सुकण्याआधीच दुसरा मारला होता. फुगे आलेले असतील, तर आतले थिनर बाहेर पडण्याआधीच रंग एकदम तापवला गेला. पोपडे मुळीच नाहीत, पण बोट फिरवल्यावर राखेसारखी भुकटी बोटाला लागते, असे असेल तर रंगातील बंधकच, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणारा पदार्थच, जळून गेला आहे. डब्यावरचा आकडा खरोखर अपुरा पडला असे म्हणण्याची हीच एक खात्रीची खूण मला माहीत आहे. याउलट, थंड हेडरवर पेट्रोलने किंचित ओली केलेली चिंधी घासल्यावर रंग चिंधीवर उतरत असेल, तर तो अजून कच्चा आहे. ही चाचणी झाल्यावर चिंधी दूर टाकावी आणि पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

जागेवरूनही बरेच कळते. इंजिन हेडजवळचे पहिले काही सेंटिमीटर सर्वांत जास्त तापतात. वेल्डिंगच्या शिवणीवर स्लॅग (वेल्डिंगची मळी) आणि शिंतोडे राहून जातात. नळ्यांच्या खालच्या पोटाला रस्त्यावरचे पाणी लागते. शेवटचा, चारही नळ्या जेथे एकत्र येतात तो कलेक्टरचा भाग पुरेसा तापत नसल्याने कच्चा राहतो. आणि चारपैकी एकाच नळीचा रंग जात असेल, तर दोष बहुधा रंगाचा नसून इंजिनाचा असतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हा रंग टिकतो कशाच्या बळावर

दाराच्या ऑइल पेंटमध्ये किंवा गाडीच्या बॉडीच्या रंगात रंगद्रव्याला धरून ठेवणारा बंधक कार्बनच्या साखळ्यांचा असतो आणि दोनशे अंशांच्या आसपास तो टिकाव धरत नाही. उष्णतारोधक रंगातील बंधक सिलिकॉन रेझिनचा असतो. त्याचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक जोडणीचा असतो आणि ही जोडणी कार्बन-कार्बन जोडणीपेक्षा अधिक बळकट असते. साधारण २०० अंशांवर काही वेळ तापल्यावर या साखळ्या एकमेकींत घट्ट गुंततात आणि रंग खऱ्या अर्थाने पक्का होतो. तापमान आणखी वाढून साडेतीनशे-चारशेच्या पुढे गेले की साखळ्यांना लागलेले कार्बनी गट हळूहळू जळून जातात आणि मागे वाळूच्याच जातीचा, सिलिकाचा सांगाडा उरतो. तोच पुढे रंगद्रव्याला धरून ठेवतो. चंदेरी रंगात हे काम ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांच्या साथीने होते. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळत असल्यामुळे अशा रंगांची मर्यादा बहुधा ६०० वर थांबवलेली असते. काळा रंग घ्यायचा असल्यास तो उष्णतेसाठीच बनवलेला असावा, कारण साध्या काळ्या रंगातील काजळी या तापमानात जळून जाते आणि काळा हेडर राखाडी होतो.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की, हात लावल्यावर रंग कोरडा लागणे आणि रंग पक्का होणे या वेगळ्या घटना आहेत. अर्ध्या तासात कोरडा लागतो तेव्हा फक्त वरवरचे थिनर उडालेले असते. शिवाय प्रत्येक वेळी इंजिन तापले की नळी लांबते. तीस सेंटिमीटरची साधी लोखंडी नळी २० अंशांवरून ५२० अंशांवर गेली, तर ती सुमारे २ मिलिमीटरने वाढते. ३०४ जातीच्या स्टेनलेसची सुमारे २.७ मिलिमीटरने. पातळ थर ही ओढाताण सहन करतो, जाड थर तडकतो. म्हणून या रंगांचा सुकलेला थर एका हाताला २० ते २५ मायक्रॉन एवढाच सांगितलेला असतो. ‘जाड मारला म्हणजे जास्त टिकेल’ हा फाटकाच्या रंगाचा हिशेब येथे नेमका उलटा पडतो.

तीन वेळा काय चुकले

पहिल्या वेळी हेडर गाडीवरच ठेवून रंगवला. गॅरेजमधल्या पोराने वायर ब्रश फिरवला, थिनरच्या चिंधीने समोरून दिसेल तेवढे पुसले आणि स्प्रे मारला. भाजण्याचे काय, असे मी विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, “साहेब, इंजिन तापतंच की, आपोआप भाजला जाईल.” यात निम्मे तथ्य आहे. पण मी त्याच संध्याकाळी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला गेलो. ओल्या रंगाला मंद आचेऐवजी थेट घाटाची आच मिळाली आणि परतल्यावर पाहिले तर वरच्या बाजूला मोहरीएवढे फुगे आलेले होते. ब्रश न पोहोचलेल्या मागच्या बाजूचा रंग गंजासकट पंधरा दिवसांत गेला.

दुसऱ्या वेळी मी हेडर खाली उतरवला आणि ग्राइंडरला वायरचा कप लावून तो आरशासारखा केला. येथे दोन चुका एकदम झाल्या. वायरचा कप गंज काढतो तितकाच तो दाबून चोपडाही करतो, आणि मागे राहिलेला धातू रंगासाठी फार गुळगुळीत असतो. दुसरी चूक अधिक महागात पडली: लोखंड म्हटल्यावर हात आपोआप रेड ऑक्साईड प्रायमरच्या डब्याकडे गेला. त्या प्रायमरचा बंधक साधा असतो. तो खालच्या खाली जळाला आणि वरचा चांगला, महाग, ६०० अंशांचा चंदेरी रंग भाजलेल्या पापडासारखा उचलला गेला. पोपड्याची पाठ विटकरी दिसल्याने मी तो गंज समजलो आणि सगळा दोष पावसाला दिला. नंतर भिंगाखाली पाहिल्यावर फरक कळला. प्रायमरची भुकटी एकसारख्या विटकरी रंगाची असते. गंज ठिपक्याठिपक्यांचा, मध्ये काळे कण असलेला असतो. हेडरखाली रेड ऑक्साईड, झिंक क्रोमेट, इपॉक्सी किंवा बॉडीची लांबी (पुटी) यांपैकी काहीही चालत नाही. त्याच कंपनीचा सिलिकॉनवर आधारलेला उष्णतारोधक प्रायमर मिळाला तर वापरावा, न मिळाल्यास थेट धातूवर रंग द्यावा. जाता जाता हेही सांगतो की, हार्डवेअरच्या दुकानात ‘सिल्व्हर’ म्हणून मिळणारा फाटकाचा रंग आणि उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग हे वेगळे पदार्थ आहेत. डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली नसेल तर तो डबा खाली ठेवावा.

तिसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो, निदान तसे मला वाटत होते. हेडर ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाने दाण्यांचा मारा करून साफ करायला दिला, तो एकसारखा राखाडी, खरखरीत होऊन आला. पण महिना जुलैचा होता. संध्याकाळी आणलेला हेडर मी रात्रभर पडवीत ठेवला आणि सकाळी त्यावर हळदीच्या बोटांसारखी पिवळी-तांबूस झाक आली होती. कोणीतरी सुचवल्यावरून मी त्यावर गंज थांबवणारे द्रावण लावले, ज्याने गंज काळा पडतो, आणि त्यावर रंग दिला. फाटकावर हे द्रावण उत्तम काम करते. हेडरवर त्यातील सेंद्रिय भाग जळून काजळी होतो. तीन आठवड्यांनी निघालेल्या पोपड्यांची पाठ मऊ, मंद काळी होती. बोटाला काळे लागत होते. टणक, चकाकणारी काळी खपली आणि ही काजळी यांत गल्लत होऊ देऊ नये, कारण पहिलीचे कारण अति उष्णता आहे आणि दुसरीचे कारण आपण स्वतः आहोत.

एकाच नळीचा रंग जात असेल तर

या तिन्ही खेपांत एक गोष्ट सारखी होती, पण ती मी उशिरा पाहिली: तिसऱ्या सिलिंडरच्या नळीचा रंग नेहमी सर्वांत आधी जात असे, आणि तेथे पोपड्यांसोबत राखेसारखी भुकटीही असे. मी इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. स्वस्त थर्मामीटर साधारण ४०० अंशांच्या आतच थांबतात, तेव्हा किमान ६०० अंशांपर्यंत मोजणारा घ्यावा. दुसरे असे की हे यंत्र काळ्या, निस्तेज पृष्ठभागासाठी बेतलेले असते. उघड्या चकचकीत धातूवर ते तापमान बरेच कमी दाखवते. म्हणून चारही नळ्यांवर हेडपासून सारख्याच अंतरावर उष्णतारोधक काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका देऊन तेथेच मोजावे.

गाडी जागेवर उभी असताना चारही नळ्या जवळजवळ सारख्या दिसत होत्या, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये काही सापडत नव्हते. शेवटी कुंभार्ली घाट चढून वर आल्यावर सुरक्षित जागी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडले आणि लगेच मोजले. तिसरी नळी इतर तिघींपेक्षा साठ-सत्तर अंशांनी जास्त तापलेली होती. तपासात तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, अर्धवट चोंदलेला निघाला. चढणीवर पूर्ण भार असताना इंजिनाला हवेच्या प्रमाणात थोडे जास्तच पेट्रोल दिले जाते आणि ते जास्तीचे पेट्रोल बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान आवरते. त्या एका सिलिंडरला ते मिळत नव्हते. इंजेक्टर साफ करून घेतल्यावर फरक दहा-पंधरा अंशांवर आला. चारही नळ्या एकसारख्या अति तापत असतील, तर इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले आहे का, हे आधी पाहावे. रात्री घाटमाथ्यावर बॉनेट उघडल्यावर नळी अंधारात मंद लाल दिसत असेल, तर ती ५२५ अंशांच्या पुढे गेली आहे असे समजावे. तापलेला धातू डोळ्यांना दिसू लागतो तो साधारण त्याच तापमानाला. कधीतरी तसे दिसणे क्षम्य आहे. सपाट रस्त्यावर दिसत असेल, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी इंजिन तपासून घ्यावे.

चौथ्या वेळी केलेले काम

हे काम मी डिसेंबरात केले. रंगताना हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी वर असावे, हा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे, आणि कोकणात जून ते सप्टेंबर तो पाळणे जवळजवळ अशक्य आहे. पावसाळ्यात रंग सुटला तर हिवाळ्यापर्यंत थांबावे. अधल्यामधल्या डागडुजीने फक्त पैसे जातात.

पहिले काम धुण्याचे. किनारपट्टीच्या हवेतले मीठ थिनरने किंवा ॲसिटोनने निघत नाही, ते पाण्यातच विरघळते. म्हणून हेडर आधी साबणाच्या गरम पाण्याने, मग भरपूर साध्या पाण्याने धुतला आणि उन्हात वाळवला. वेल्डिंगचे शिंतोडे छिन्नीने व कानशीने काढले. हे ब्लास्टिंगच्या आधीच करावे लागते, कारण ब्लास्टिंगने शिंतोडे स्वच्छ होतात, निघत नाहीत. ब्लास्टिंगवाल्याला ‘एसए अडीच’ असे सांगितले की किती स्वच्छ हवे ते त्याला कळते. नदीच्या वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्याकडे जाऊ नये. ती धूळ त्याच्या आणि आपल्या फुप्फुसांसाठी घातक असते. गार्नेट किंवा पोलादी दाणा वापरणारा शोधावा. ब्लास्टिंगची सोय नसेल, तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-उभे घासून धातू खरखरीत करावा. वेळ लागतो, पण वायरच्या कपापेक्षा परिणाम चांगला येतो.

बिडाचा मॅनिफोल्ड रंगवणाऱ्यांसाठी येथे एक जादा पायरी आहे. बिडाच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते आणि ते तापल्यावरच बाहेर येते. असा मॅनिफोल्ड साफ केल्यावर एकदा रंगाविना तापवावा, वर आलेले तेल जाळून व पुसून काढावे आणि मगच पुढे जावे.

ब्लास्टिंगहून निघाल्यापासून पहिला हात पडेपर्यंत मी चार तासांच्या वर जाऊ दिले नाहीत आणि उघड्या हाताने हेडरला स्पर्श केला नाही. ॲसिटोनने पुसताना चिंधी दोन फेऱ्यांनंतर बदलली, कारण तीच चिंधी फिरवत राहिले की तेल निघत नाही, पसरते. फ्लँजचा, म्हणजे हेडर इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीचा, पॅकिंगला टेकणारा भाग, नळ्यांची तोंडे आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आट्या टेपने झाकल्या. पॅकिंगखाली रंग राहिला तर तो जळून फट पडते आणि फटफट आवाज सुरू होतो. सिलिकॉनची वाफ सेन्सरला बाधते, म्हणून सेन्सर भाजण्याच्या वेळी काढूनच ठेवलेला बरा. मग हेडर उन्हात कोमट करून, २५ ते ३० सेंटिमीटरवरून, इतका पातळ पहिला हात दिला की खालचा धातू थोडा दिसत होता. वीस मिनिटांनी दुसरा हात दिला. तिसऱ्याचा मोह झाला, तो आवरला.

भाजण्यासाठी मी खेर्डीच्या एमआयडीसीतील एका पावडर कोटिंगवाल्याकडे गेलो. पावडर कोटिंग हा स्वतः हेडरवरचा उपाय नव्हे, कारण ती पावडर १८० ते २०० अंशांवर वितळून बसते आणि हेडरवर जळून जाते. मला फक्त त्यांची भट्टी हवी होती. मालकांनी हेडर हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला. “सिलिकॉनचा रंग आहे ना हा? याची वाफ भिंतींना बसली की उद्या माझ्या प्रत्येक मालावर खड्डे पडतील.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, सिलिकॉनचा अंश लागलेल्या पृष्ठभागावर दुसरा रंग माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे करून दूर सरतो. शेवटी भट्टीची सफाई व्हायच्या आदल्या संध्याकाळी, त्यांचा सगळा माल बाहेर काढल्यावर, त्यांनी मला जागा दिली. १२० अंशांवर अर्धा तास, बाहेर काढून अर्धा तास थंड, मग २०० अंशांवर अर्धा तास आणि पुन्हा थंड, असे आम्ही केले. घरात स्वयंपाकासाठी वापरला जाणारा ओव्हन यासाठी कधीही वापरू नये.

तिसरी पायरी सुमारे ३१५ अंशांची असते आणि ती त्या भट्टीच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून ती गाडीवर केली. इंजिन दहा मिनिटे जागेवर चालवून वीस मिनिटे बंद, मग वीस मिनिटे चालवून वीस मिनिटे बंद, मग तीस मिनिटे. भट्टी मिळाली नाही तर सगळे भाजणे याच पद्धतीने करता येते. हे मोकळ्या अंगणात करावे, बंद गॅरेजमध्ये मुळीच नाही. विषारी वायूचा धोका तर आहेच, पण रंगातून निघणारा पांढरा धूरही पहिल्या वेळी चांगला पाव तास येतो. धूर पाहून घाबरून पाणी मारू नये. जागेवर चाललेल्या इंजिनाने कलेक्टरचा भाग पुरेसा तापत नाही, त्यामुळे त्यानंतर सपाट रस्त्यावर अर्धा तास बेताच्या वेगाने गाडी चालवली आणि पुन्हा थंड होऊ दिली. पहिला आठवडा घाट टाळला. आठवड्यानंतर थंड इंजिनावर हेडरचे नट पुन्हा एकदा कसले, कारण नटांखालचा रंग बसल्यावर ते किंचित सैल होतात.

एक काम रंगाशी संबंधित नव्हते, पण बहुधा त्याचाही मोठा वाटा आहे. चाकाच्या आतल्या बाजूचा रबरी पडदा केव्हाच फाटून गेला होता आणि डबक्यातले पाणी थेट तापलेल्या नळ्यांवर उडत असे. चारशे अंशांवरच्या नळीला गार पाणी लागले की रंग आणि धातू वेगवेगळ्या गतीने आकसतात. मी कन्व्हेयर बेल्टच्या रबराचा तुकडा कापून तेथे बोल्टने बसवला. नळ्यांच्या खालच्या पोटाचा रंग तेव्हापासून शाबूत आहे.

इतर उपायांविषयी थोडे

हेडरला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळण्याचा सल्ला अनेक जण देतात. कोरड्या हवेत त्याचा उपयोग असेल. कोकणात ती पट्टी पाणी धरते, आतली उष्णता वाढवते आणि साध्या लोखंडाची नळी आतल्या आत खाते. ज्यांना खर्च परवडतो त्यांनी सिरॅमिक कोटिंग किंवा वितळलेल्या ॲल्युमिनियमचा फवारा यांचा विचार करावा; दोन्ही रंगापेक्षा बरेच जास्त टिकतात आणि दोन्हींना ब्लास्टिंग तितकेच नीट लागते. पुन्हा हेडर बनवायची वेळ आली तर मी स्टेनलेसचा बनवीन आणि रंगाच्या भानगडीत पडणार नाही. नळी आतून गंजून पातळ झाली असेल, तर बाहेरून काहीही लावणे व्यर्थ आहे. छोट्या हातोडीने टिचकी मारून पाहावी, आवाज खणखणीत न येता भद्द आला तर नळी बदलावी.

सध्या ऑगस्ट आहे. कलेक्टरच्या शिवणीजवळ नखाएवढी एक जागा सोडली तर रंग पूर्ण आहे; काळ्याचा थोडा करडा झाला आहे, पण बोटाला लागत नाही. त्या जागेला आता हात लावणार नाही. नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की तेवढाच भाग कानशीने व ८० नंबरच्या पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, त्याच डब्यातले दोन पातळ हात देईन आणि जागेवरच भाजून घेईन. तेथला पोपडा मी कागदावर जपून ठेवला आहे. त्याची पाठ तपकिरी आहे आणि कडेला वेल्डिंगच्या शिंतोड्याचा एक मणी चिकटलेला आहे, कानशीतून सुटलेला.